मदत हवी आहे: सॉफ्ट रॉक स्टेशनला श्रोत्याचं मत नेमकं कसं कळवायचं?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबलाही आहे. रेडिओत काम केलेलं कुणी इथे असेल तर फार बरं होईल.

मी 1991 मध्ये अमेरिकेत आले, तेव्हापासून एकच एफएम स्टेशन ऐकते. सॉफ्ट रॉकवालं. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे म्हणून. पण प्रकार कळेल तुम्हाला: कार्पेंटर्स, ब्रेड, एअर सप्लाय, शिकागो, लायनेल रिची, फिल कॉलिन्स. ऑफिसात कुणाच्या कानाला टोचणार नाही अशा बेताने दिवसभर लावून ठेवायचं. 'दाताच्या डॉक्टरकडची गाणी' म्हणून मुलगा चिडवतो. चिडवू दे.

मागच्या वर्षी मी त्यांच्या श्रोता-गटात नाव नोंदवलं. अधूनमधून मेलवर सर्व्हे येतो. गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा वाजतो आणि खाली बटणं असतात: खूप आवडतं, आवडतं, ठीक, कंटाळा आला, माहीत नाही. एअर सप्लायचं एक गाणं तेव्हा रोज लागायचं, आणि नेमकं मी पार्किंगमध्ये शिरताना. त्या वैतागात मी 'कंटाळा आला' दाबलं. पुढच्या दोन महिन्यांत गाणं गायब! आज चार महिने झाले, एकदाही कानावर आलेलं नाही. मला ते आवडतं हो. जरा कमी लावा, एवढंच म्हणायचं होतं.

तर पहिला प्रश्न: माझ्या बटणाने गाणं गेलं का? हसू नका.

दुसरी गोष्ट जास्त लागलेली आहे. रात्री एक बाई कार्यक्रम करायच्या. लोक फोन करायचे, कुणासाठी तरी गाणं मागायचे. रुसलेल्या बायकोसाठी, रात्रपाळीच्या नर्ससाठी, बारा वर्षं न बोललेल्या भावासाठी. 1994 च्या हिवाळ्यात मीही एकदा फोन केला होता. माझं नाव कसं उच्चारायचं ते त्यांनी दोनदा विचारलं आणि हवेत बिनचूक म्हटलं. तोपर्यंत या देशात माझं नाव कुणी बरोबर घेतलं नव्हतं, ऑफिसातसुद्धा. त्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणजे कार्यक्रम गेला, त्यांचं काय झालं ते कळलं नाही. एक दिवस वेबसाइटवरून फोटोच नाहीसा. आता त्या जागी कुठला तरी आवाज आहे. तो 'आजची रात्र छान आहे' म्हणतो तेव्हा बाहेर वादळ चाललेलं असतं.

सर्व्हेत याच्यासाठी बटण नाही. तीस तुकडे संपले की 'धन्यवाद' येतं आणि पान बंद.

मला विचारायचंय ते असं: सर्व्हे कसा भरावा म्हणजे उलटा अर्थ निघणार नाही? पत्र लिहायचं तर कुणाला? आणि लिहून काही होतं का, की आपलं मनाचं समाधान?

उगाच_एक

स्ट्रीमिंगवर प्लेलिस्ट करा. हवं ते गाणं हवं तितक्यांदा. विषय संपला.

निशिगंधा

@उगाच_एक, प्लेलिस्ट आहे. मुलानेच करून दिली. पण त्यात पुढचं गाणं कुठलं ते मला आधीच माहीत असतं. दुसऱ्या कुणीतरी लावलेलं गाणं अचानक लागण्यात जी मजा आहे ती त्यात नाही. आणि तेच गाणं त्याच क्षणी आणखी कुठल्या तरी गाडीत वाजतंय, हेही असतंच ना.

रात्रपाळी

मी उलट बाजूने लिहितो. मी रात्री डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, आणि अशाच एका स्टेशनवर पूर्वी बोलणं इतकं चालायचं की मी बदलून टाकायचो. कुणाच्या तरी घटस्फोटाची कथा, मग रडणं, मग गाणं. आता सलग गाणी लागतात, मला बरं वाटतं. सगळ्या श्रोत्यांना तुमच्यासारखं वाटत असेल असं धरू नका, एवढंच. राग नसावा.

फेडर

निशिगंधाताई, मी एका व्यावसायिक एफएम स्टेशनवर गाण्यांची यादी लावायच्या खात्यात नऊ वर्षं होतो. सॉफ्ट रॉक नव्हतं, पण यंत्र तेच.

आधी तुमचा अपराधीपणा काढून टाकतो. गाणं तुमच्या एका बटणाने गेलेलं नाही. त्या 'कंटाळा आला'ला आमच्यात 'बर्न' म्हणतात. गाणं आवडणाऱ्यांचा आकडा एकीकडे, बर्न दुसरीकडे. आवड भरपूर आणि बर्नही वाढलेला, असं दिसलं की गाणं फेकून देत नाहीत, विश्रांतीला पाठवतात. काही महिने कपाटात, मग पुन्हा बाहेर. तुमचं गाणं बहुतेक झोपलंय. चालू यादीत काहीशेच गाणी असतात हो. ताशी बारा धरा, दिवसाला 288 जागा झाल्या. लाडकी पन्नास-साठ गाणी त्यातल्या अर्ध्या जागा खातात, म्हणून एकच गाणं रोज पार्किंगमध्ये भेटतं.

सर्व्हे भरताना मनातला वैताग भरू नका. आवडतं तर 'आवडतं' दाबा, कितीही वेळा ऐकलेलं असो. खाली 'जास्त वाजतं का?' असा वेगळा प्रश्न असेल तर तिथे सांगा. 'माहीत नाही'ही जपून वापरा. तुकडा मधलाच असल्याने ओळखीचं गाणं पटकन ओळखू येत नाही, तेव्हा पुन्हा वाजवून बघा.

आता रात्रीच्या बाई. इथे कारण सर्व्हेत नाही, मीटरमध्ये आहे. पूर्वी श्रोतृसंख्या मोजायला लोकांना डायरी देत. आठवडाभर काय ऐकलं ते माणूस आठवून लिहायचा. आठवून लिहिताना कोण लक्षात राहतं? आवाज, नाव, ती बाई. 2007 पासून मोठ्या शहरांत पोर्टेबल पीपल मीटर आला, सुरुवात फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून. पेजरएवढं यंत्र. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र टिपतं. आवडीनिवडीशी त्याला देणंघेणं नाही, कानावर काय पडलं तेवढंच. आणि मग दिसायला लागलं की निवेदक बोलायला लागला की काही लोक स्टेशन बदलतात (आमचे @रात्रपाळी साहेब!). झालं, बोलणं आखडलं. मला विचाराल तर आकड्यांचा अर्थ घाईत लावला गेला. बदलणारे दिसले, बोलण्यासाठी थांबणारे कुणी मोजलेच नाहीत. पण निर्णय आमचा नव्हता.

आणखी एक गंमत. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात निदान पाच मिनिटं ऐकलं तर तो पूर्ण तुकडा स्टेशनच्या खात्यात जमा व्हायचा. 2025 पासून तीन मिनिटं केली. जाहिराती तासाच्या सव्वा किंवा पाऊण ठोक्याच्या आसपास का येतात ते आता कळेल. दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत गाण्यांची मिनिटं पडतात आणि दोन्ही तुकडे जमा.

खरखर

+१ फेडर. वयाचंही सांगा ना त्यांना. 25 ते 54.

फेडर

सांगायचं टाळत होतो, पण ठीक. जाहिरातदार पैसे देतात ते बहुतेक 25 ते 54 या वयाच्या कानांसाठी. 2025 मध्ये 54 वर्षांचा असलेला माणूस 1971 चा. त्याचं पंधरावं-सोळावं वर्ष 1986-87 मध्ये आलं. म्हणजे ब्रेड आणि कार्पेंटर्स त्याच्या मोठ्या भावंडांचे. दर वर्षी ही खिडकी एक वर्ष पुढे सरकते आणि मागचं एक वर्ष यादीतून गळतं. 'सॉफ्ट रॉक' हे नाव तेच राहतं, आतला माल बदलतो.

निशिगंधा

मी 1966 ची. म्हणजे माझं मत मोजायलाच नको तर. :-)

सर्व्हेत पहिलाच प्रश्न वयाचा असतो. आता कळलं, मागच्या वेळी दोन प्रश्नांतच 'धन्यवाद' का आलं.

वकीलीणबाई

कुणीतरी 'एफसीसीकडे (स्टेशनांना परवाने देणारं अमेरिकेचं सरकारी खातं) तक्रार करा' म्हणायच्या आत लिहिते, कारण दर वेळी हे निघतंच. करू नका, वेळ जाईल. स्टेशनचा परवाना आठ वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी श्रोत्याला हरकत घेता येते, हे खरं. पण कुठल्या प्रकारचं संगीत लावायचं यात एफसीसी पडत नाही. यावर मोठी लढाई झालेली आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनने 1974 मध्ये रॉक सुरू केलं. श्रोत्यांनी संघटना करून इतका गोंधळ घातला की पुढच्या वर्षी शास्त्रीय संगीत परत आलं. मग 'प्रकार बदलताना एफसीसीने लोकहित तपासावं' ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1981 मध्ये निकाल लागला तो श्रोत्यांच्या विरुद्ध. प्रकार बाजार ठरवेल, ही एफसीसीची भूमिका न्यायालयाने मान्य केली. तेच स्टेशन 1993 मध्ये शेवटी रॉककडे गेलं.

यात लक्षात घेण्यासारखं हे की श्रोते कोर्टात हरले, पण त्याच्या आधी मालकाकडे जिंकले होते. म्हणून पत्र मालकाकडे.

आणि पत्राची प्रत ठेवा. श्रोत्यांची पत्रं फाइलमध्ये जपून लोकांना बघायला ठेवायची सक्ती व्यावसायिक स्टेशनांवर पूर्वी होती. एफसीसीने ती 2017 मध्ये काढून टाकली. आता तुमचं पत्र त्यांनी वाचून टाकून दिलं तरी विचारणारं कुणी नाही.

खरखर

त्यात 1996 चा कायदा. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यायची यावरची मर्यादाच काढली, आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत चालवायची मुभा दिली. मग एक माणूस एका खोलीत बसून पाच गावांसाठी आवाज भरतो. व्हॉइस ट्रॅकिंग. ताईंच्या वादळात 'छान रात्र' आली ती अशी. तो बिचारा दुपारी तीनला दुसऱ्याच गावात बोललाय.

पमाकाकू

निशिगंधा, नावाचा किस्सा वाचून गलबललं. फर्माईशींचं वेडच असतं ते. झुमरीतलैयावाल्यांना विचारा.

एक उपाय: काही स्टेशनं जुना माल एचडी-२ अशा बाजूच्या वाहिनीवर लावतात. गाडीत एचडी रेडिओ असेल तर तीच फ्रिक्वेन्सी लावून थोडं थांबायचं, मग एकाची दोन होतात. आमच्याकडे तिथे सत्तरच्या दशकातलं सापडलं. बोलणारं कुणी नाही, पण गाणी आहेत. आणि मधल्या सुट्टीच्या महिन्यात मत बनवू नकोस. नोव्हेंबरच्या मध्यापासून यातली बरीच स्टेशनं नाताळाची गाणी लावतात, तेव्हा ती स्वतःसारखी वाजत नाहीत.

फेडर

पत्राबद्दल राहिलं. 'संपर्क' पानावरचा फॉर्म भरू नका, तो बक्षिसं वाटणाऱ्या मुलांकडे जातो. नाव शोधून प्रोग्रॅम डायरेक्टरला लिहा, प्रत जनरल मॅनेजरला. एका पानाच्या आत. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य आम्ही रोज वाचायचो, त्यावर काही करता येत नाही. एक वार, एक वेळ, एक मागणी असं लिहा. आणि त्यांच्यावर ऐकलेल्या जाहिरातीमुळे तुम्ही कधी एखाद्या दुकानात गेला असाल तर ते जरूर लिहा. ते वाक्य थेट विक्री खात्यात जातं, आणि तिथे वय कुणी विचारत नाही.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून लिहिलं. मूळ इंग्रजीत आहे, मथितार्थ इथे देते:

'मी 1991 पासून तुमचं स्टेशन ऐकते. मंगळवारी रात्री नऊ वाजता आमच्याकडे वादळ होतं, झाडं पडली होती, आणि तुमच्या निवेदकाने रात्र छान असल्याचं सांगितलं. आठवड्यातून एक रात्र, दोन तास, तुमच्याच इमारतीत बसलेल्या माणसाने फोन घ्यावेत आणि लोकांनी मागितलेली गाणी लावावीत, अशी माझी विनंती आहे. बोलणं कमी असलं तरी चालेल. मागचे दोन्ही सोफे आम्ही तुमच्याकडे जाहिरात ऐकून घेतले. पूर्वीच्या रात्रीच्या निवेदिकेला निरोप पोचवता येत असेल तर सांगा, की माझं नाव त्यांनी बरोबर घेतलं होतं.'

कसं वाटतंय?

रात्रपाळी

'बोलणं कमी' टाकलंत, माझ्याकडून धन्यवाद. अशी एक रात्र असेल तर मीही बदलणार नाही.

फेडर

सोफे उत्तम. दोन गोष्टी काढा. पहिली ओळ, 1991, त्यातून वय कळतं आणि वाचणारा तिथेच सैलावतो. आणि शेवटची ओळ. ती मागणी नाही, त्यावर त्यांना काही करता येत नाही.

निशिगंधा

1991 काढलं. शेवटची ओळ ठेवली. आत्ताच पाठवलं, दोघांनाही.

निशिगंधा

तीन आठवडे झाले. जनरल मॅनेजरकडून काही नाही. प्रोग्रॅम डायरेक्टरचं दोन ओळींचं उत्तर आलं: रात्रीच्या विनंतीची नोंद घेतली आहे, आणि निरोप पोचवला आहे. आकड्यांचं किंवा सोफ्यांचं काही नाही.

@फेडर, एअर सप्लाय अजून झोपलंय. साधारण किती महिने झोपतं?

फेडर

सहा धरा. नाताळ मध्ये आला तर आठ.