प्रतिसाद: फरक वाटेत पडतो

"काठावरच्या विहिरीत शेवटी तलावाचंच पाणी, मग शुद्ध कसलं?" हे पटलं नाही. तळाच्या गाळातून नि काठच्या वाळूतून ते झिरपतं, कधी कित्येक आठवडे. तेवढ्यात गढूळपणा अडतो, वाळूच्या कणांवरचे जिवाणू सेंद्रिय घाण खातात. नैनितालला तळ्याकाठच्या नलिकाविहिरी याच तत्त्वावर चालतात.

आमच्या बडोद्यात दोन्ही तऱ्हा आहेत: तलावाचं पाणी थेट घेऊन शुद्ध करायचं, नाहीतर वाळूतून झिरपलेलं उपसायचं. आजवा तलावाचं पाणी निमेट्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करून येतं. मही नदीच्या पात्रात मात्र फ्रेंच विहिरी, वाळूत आडवे जाळीदार पाइप पसरलेले. श्रावणात पुलावरून नदी अगदी दुधाळ चहा दिसते, तरी नळाला तो गढूळपणा येत नाही (आईला अजून खरं वाटत नाही, ती गाळूनच भरते). अडचण वेगळीच: बारीक गाळ वाळूच्या फटीत बसला की विहिरीची आवक घटते.