शब्दचर्चा : संप्रेरकाची ‘मात्रा’ आणि तिचे ‘लागू पडणे’

विचारणा (रत्नागिरी)

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. झाडाच्या जखमेपाशी मुळांचे झुबके आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजीनिस या जिवाणूची ‘रोल’ जनुके तंबाखूसारख्या वनस्पतीत घातली, की त्या वनस्पतीचे संप्रेरकांशी (हार्मोनांशी) असलेले नाते कसे बदलते, हा त्याचा विषय आहे. त्यांपैकी एकाविषयी ‘रोल-बी जनुकामुळे ऑक्झिनची (वाढीच्या एका संप्रेरकाची) संवेदनशीलता वाढते’ असे वाक्य लिहिले आणि मी तेथेच अडले. या वाक्याचा सरळ अर्थ ऑक्झिनच संवेदनशील झाले असा होतो. शिवाय ‘संवेदनशील’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात हळवा माणूस किंवा बंदोबस्त लावलेले मतदान केंद्र उभे राहते, पेशी नव्हे. ‘प्रतिसाद’, ‘संवेदनक्षमता’ आणि ‘ग्रहणशीलता’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ‘संप्रेरक’ लिहावे की बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘संजीवक’?

उत्तर (दापोली)

ताई, शब्द ठरवण्याआधी जिवाणूंच्या दोन करण्या वेगळ्या करून पाहाव्या लागतील, कारण मराठीत आपण त्या दोन्हींना ‘संप्रेरकांवर परिणाम’ एवढेच म्हणून मोकळे होतो.

खोडावर गाठी आणणारा अॅग्रोबॅक्टेरियम ट्युमिफेशिअन्स आपल्या डीएनएचा जो तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, त्यात दोन जनुके ट्रिप्टोफॅनपासून इंडोल-अॅसिटामाइड आणि त्यापासून ऑक्झिन बनवणारी असतात, तर तिसरे सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक बनवणारे असते. येथे झाडात संप्रेरक खरोखरच जास्त तयार होते, म्हणून ‘पातळी वाढली’ किंवा ‘मात्रा वाढली’ हे शब्द चोख बसतात.

‘रोल-बी’ची गोष्ट निराळी आहे. (हा ‘रोल’ म्हणजे भूमिका नव्हे, ‘रूट लोकस’ या शब्दांवरून तो आला आहे आणि टिपणात हे सांगितलेच पाहिजे.) 1991 मध्ये असे मांडले गेले, की या जनुकाचे प्रथिन साखरेशी बांधलेले ऑक्झिन मोकळे करते, म्हणजे तसे असते तर हाही मात्रेचाच प्रकार ठरला असता. परंतु 1993 मध्ये रोल-बी असलेल्या तंबाखूतील मोकळे ऑक्झिन प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा ते साध्या झाडापेक्षा वाढलेले आढळले नाही. त्याआधी 1988 मध्ये ऱ्हायझोजीनिसमुळे आलेली मुळे साध्या मुळांपेक्षा ऑक्झिनला शंभर ते हजार पट अधिक संवेदनक्षम असल्याचे दाखवले गेले होते. मात्रा तीच, पण पेशी तिला अधिक दाद देते. तुम्हाला शब्द हवा आहे तो या गोष्टीसाठी.

आणि तो आपल्याकडे आहे. एकाच बागेत दोन हापूस कलमांच्या आळ्यांत सारखाच कल्टार (मोहोरासाठी देतात ते वाढनियंत्रक औषध) ओतला आणि एक कलम मोहोरले, दुसरे नुसते पालवत राहिले, तर बागायतदार ‘याला मात्रा लागू पडली, त्याला पडली नाही’ असे म्हणतो. त्यामागची कारणे माती, कलमाचे वय, फांद्यांचा विस्तार अशी अनेक असतील, जनुकांचा तेथे संबंधही नसेल. पण या वाक्प्रचारात मात्रा एकीकडे आणि लागू पडणे दुसरीकडे असे स्वच्छ वेगळे ठेवले आहे, आणि तुमच्या विषयाला नेमके हेच हवे आहे. ‘ग्रहणशीलता’ मी टाळेन, कारण त्यात पेशी संप्रेरक नुसते आत घेते असा भास होतो.

पुरवणी (देवगड)

‘संजीवक’ नको असे माझे आग्रहाचे मत आहे. आमच्याकडे बाहेरून फवारलेल्या किंवा आळ्यात ओतलेल्या कोणत्याही वाढनियंत्रकाला संजीवक म्हणतात, कल्टारलासुद्धा. वास्तविक त्यातील पॅक्लोब्युट्राझोल झाडाला जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार करू देत नाही आणि फांद्यांची वाढ आवरते. झाड स्वतः तयार करते ते संप्रेरक, आपण बाहेरून देतो ते संजीवक, हा भेद पाळला तर घोटाळा होणार नाही. वर्तमानपत्री ‘जनुकीय सुधारित’ही येथे वापरू नये. रोल-सी जनुक जोरदार चालवले की तंबाखू खुजा राहतो, त्याची फुले लहान येतात आणि परागकण वांझ निघतात; त्याला सुधारणा कशी म्हणणार? ‘पारजनुकीय’ हा शब्द झाडाविषयी मत न देता केवळ परके जनुक आले एवढेच सांगतो.

विचारणाऱ्या बाईंकडून

दादा, आपणा दोघांचीही मी आभारी आहे. पारिभाषिक नाम म्हणून ‘संवेदनक्षमता’ ठेवते, मात्र ती ऑक्झिनची न लिहिता ‘पेशीची ऑक्झिनविषयीची संवेदनक्षमता’ अशी लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तेथे खाली असे स्पष्टीकरण देईन : ‘रोल-बी असलेल्या पारजनुकीय तंबाखूत ऑक्झिनची मात्रा वाढलेली नसते, तीच मात्रा अधिक लागू पडते.’

एक अडचण मात्र उरली आहे. ऱ्हायझोजीनिसमुळे येणाऱ्या या मुळांना ‘केसाळ मुळे’ म्हणावे, तर विद्यार्थी ती मूलरोम समजतात, जे एकेका पेशीचे धागे असतात. ‘तंतुमुळे’ म्हणावे, तर तो शब्द भाताच्या मुळांनी आधीच घेतला आहे. जखमेपाशी दाट, बारीक आणि भरपूर फाटे फुटलेली मुळे झुबक्याने येतात, म्हणून तूर्त ‘झुबकेमुळे’ लिहिले आहे. याहून नेमका शब्द कोणाच्या ऐकण्यात असल्यास कृपया कळवावा.