पुढचा-मागचा डॅशकॅम कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी खंबाटकी घाटात टेम्पोवाल्याने आमच्या वॅगनआरला मागून ठोकलं आणि वर मलाच म्हणाला, "तुम्हीच अचानक ब्रेक मारला." पुरावा काहीच नाही. मागे बसलेली आई अजून घाबरलेली आहे. आता पुढे-मागे दोन्हीकडे रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा (डॅशकॅम) बसवायचाच. बजेट १०,००० रुपये.

गाडी दिवसभर उन्हात असते, म्हणून आत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, पण उष्णता जास्त सहन करणारा भाग) असलेलाच घेणार. उन्हाने बॅटरी फुगते. अडलंय ते मागच्या कॅमेऱ्यावर. बऱ्याच मॉडेल्समध्ये पुढे ४के व्हिडिओ, मागे मात्र त्याहून कमी स्पष्ट १०८०पी. रात्री मागच्या गाडीचे हेडलाइट थेट काचेवर असताना नंबरप्लेट वाचता येते का? कोणाकडे तसं फुटेज असेल तर एखादा स्क्रीनशॉट टाका ना. आणि पार्किंग मोडसाठी (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) गाडीच्या फ्यूजबॉक्समधून वायर घेतली, तर वॉरंटीला अडचण आली का कोणाला?