मदत हवी आहे : आईच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेसाठी कोणता शास्त्रपाठ घ्यावा?

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम. मोठ्या आजारातून आई बरी झाली, म्हणून सोलापुरात घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतोय. शरीर सुधारलंय, पण मन अजून भ्यालेलं आहे. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई वाचली नाही. आई विचारते, "तिच्या लेकरांपुढं मी कुठल्या तोंडानं उपकार मानू?" मला उत्तर सुचत नाही.

बायबलमधलं लूक १७ : ११-१९ घ्यावं असं वाटतं. शुद्ध दहाही कुष्ठरोगी झाले, पण परत येऊन येशूच्या पायाशी पडला तो एकटा शमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला), आणि "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे त्यालाच ऐकायला मिळालं. म्हणजे कातडीपलीकडचं काहीतरी त्याचं बरं झालं, असं मी समजतो. पण आईच्या प्रश्नाला हे पुरतं का? स्तोत्र १०३ तिला पाठ आहे, पण "तो तुझे सर्व रोग बरे करतो" इथं आली की हल्ली ती थांबते. त्यापेक्षा विलापाचं एखादं स्तोत्र आधी वाचावं का?

पूर्व भागातली आमची तेलुगू शेजारी मंडळीही येणार आहेत, आजारपणात डबे त्यांनीच दिले. त्यांनाही समजेल असं सुचवा. अशा दुःखातून गेलेल्यांनी जरूर लिहा.