जुन्या फायबरवरच एक्सजीएस-पॉन
जीपॉनवरून (घरोघरी फायबर इंटरनेट देणारं तंत्र) एक्सजीएस-पॉनवर (त्याचं जास्त वेगाचं पुढचं रूप) जायचं तर स्प्लिटरपासून (एका फायबरचा प्रकाश अनेक ग्राहकांत वाटणारा भाग) सगळं बदलावं लागतं, असं काहीजण म्हणतात. तसं अजिबात नाही. जीपॉनचं डाउनस्ट्रीम (ग्राहकाकडे जाणारा प्रकाश) १४९० नॅनोमीटर तरंगलांबीला, अपस्ट्रीम (ग्राहकाकडून येणारा) १३१० ला. एक्सजीएसचं १५७७ आणि १२७० ला. ओएलटीच्या (कंपनीकडच्या मुख्य यंत्राच्या) बाजूला दोन्हींचा प्रकाश एकत्र करणारा कोएक्झिस्टन्स फिल्टर बसवला की दोन्ही त्याच स्प्लिटरमधून चालतात. फिल्टरमुळे होणारी प्रकाशाची साधारण १ डीबी घट मात्र आधीच हिशोबात धरा, कारण ज्याच्याकडे आत्ताच -२७ डीबीएम, म्हणजे अगदी काठावरचा प्रकाश येतोय तो ग्राहक सगळ्यात आधी बंद पडणार.

प्रकाशाच्या मोजणीबद्दलही एक गोष्ट. साधा पॉवर मीटर १४९० वर सेट केला तरी १५७७ चा प्रकाशही त्यात धरतो. मग आकडा छान दिसतो आणि जीपॉनच्या ओएनटीवर (ग्राहकाच्या घरातल्या यंत्रावर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा लाल दिवा तसाच! दोन्ही तरंगलांबी वेगळ्या दाखवणारा पॉन मीटरच घ्या, तिथे काटकसर नको.