शब्दचर्चा : ‘हेराल्ड्री’ला (घराण्यांच्या चिन्हांच्या विद्येला) मराठीत काय म्हणावं? लॉकवुड किपलिंग यांच्या चरित्राच्या निमित्ताने

मंडळी, जॉन लॉकवुड किपलिंग यांच्यावर एक चरित्रपर टिपण मराठीत लिहायला घेतलंय आणि तीन-चार शब्दांपाशी गाडी अडली आहे. लेखक रडयार्ड किपलिंगचे वडील, एवढ्यावरच या माणसाची ओळख संपवली जाते, हे मला फार खटकतं. मुंबईतल्या दगडावर त्यांची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची करामत आजही दिसते.

थोडक्यात माहिती अशी. जन्म १८३७, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या पिकरिंगचा. उमेदवारी बर्स्लेमच्या कुंभारकामाच्या कारखान्यांत, म्हणजे हात आधी मातीत बसला. मग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या इमारतीवर सजावटीचं शिल्पकाम. आज ते म्युझियम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखलं जातं. १८६५ साली अ‍ॅलिस मॅक्डोनाल्डशी लग्न झालं आणि नवराबायको लगेच मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिल्पकाम शिकवायला लागले, आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला रडयार्डचा जन्म झाला. १८७५ मध्ये लाहोरला मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य आणि तिथल्या म्युझियमचे क्युरेटर म्हणून गेले. १८९३ला निवृत्ती, १९११ला इंग्लंडात मृत्यू.

अडलंय ते १८७७च्या दिल्ली दरबारापाशी. व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ (हिंदुस्थानची सम्राज्ञी) जाहीर करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १ जानेवारी १८७७ला हा दरबार भरवला. तिथे बड्या संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण द्यायचं ठरलं आणि त्यावर प्रत्येकाचं ‘कोट ऑफ आर्म्स’, म्हणजे ढालीवर आखलेलं घराण्याचं चिन्ह. ही चिन्हं आखली बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने. हौशी पण अभ्यासू ‘हेराल्डिस्ट’. निशाणं तयार करून घेण्याचं काम लॉकवुड किपलिंगकडे आलं. अ‍ॅलिसही सुईदोरा घेऊन त्यात होती.

तर हेराल्ड्री, हेराल्डिस्ट, कोट ऑफ आर्म्स, बॅनर यांना काय म्हणायचं? आणि किपलिंग ‘आर्किटेक्चरल स्कल्प्टर’ होते, त्याला ‘वास्तुशिल्पी’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद १

हेराल्ड्री = कुलचिन्हविद्या, कोट ऑफ आर्म्स = कुलचिन्ह. वाचणाऱ्याला चटकन कळतं. यापेक्षा जास्त खोलात जायची गरज आहे असं वाटत नाही.

प्रतिसाद २

‘कुलचिन्ह’ चांगला शब्द आहे, पण गरज आहे असं मला ठामपणे वाटतं, कारण आपल्याकडे या विषयाची शब्दसंपत्ती आयतीच पडून आहे. ताम्रपट आणि शिलालेखांमध्ये राजघराण्याच्या चिन्हाला नेमका शब्द येतो तो ‘लांछन’. बदामीचे चालुक्य स्वतःला नारायणाच्या प्रसादाने मिळालेलं वराहलांछन धारण करणारे म्हणवतात. जैन मूर्तिशास्त्रात तर हा शब्द अजूनही रोजच्या वापरात आहे: ऋषभनाथाचं लांछन बैल, पार्श्वनाथाचं सर्प, महावीराचं सिंह. मूर्ती कोणाची ते पीठावरचं लांछन बघून ओळखायचं.

चंद्राला ‘मृगलांछन’, ‘शशलांछन’ म्हणतात. तिथे खूण आणि डाग दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत पुढे डागाचा अर्थ तेवढा उरला. आज ‘गायकवाडांचं लांछन’ असं लिहिलंत तर भांडणच होईल. त्यामुळे आधुनिक काळाबद्दल लिहिताना हा शब्द नको, पण यादव-कदंबांबद्दल लिहिताना जरूर हवा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गोव्याच्या कदंबांच्या लेखांतल्या बिरुदावळीत ‘शाखाचरेंद्रध्वज’ आणि ‘सिंहलांछन’ अशी दोन वेगवेगळी विशेषणं येतात. म्हणजे ध्वजावर वानर आणि लांछन सिंह! गोव्यात कदंब परिवहनाच्या बसवर दिसतो तो हाच सिंह. देवगिरीचे यादव ‘सुवर्णगरुडध्वज’. आपल्याकडे ध्वजाची खूण आणि लांछन या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकत होत्या. युरोपात तसं नाही. तिथे मूळ रचना ढालीवरची, आणि तीच जशीच्या तशी मोहरेवर, दारावर, थडग्यावर आणि झेंड्यावर जाते. टेलरसाहेबांनी ही एकचिन्ही पद्धत आपल्या संस्थानिकांना लावली. रजपूत घराण्यांना बहुतेक ठिकाणी सूर्य दिला, कारण ते रामाचे वंशज. काश्मीरला तीन नागमोडी रेघा, म्हणजे हिमालयाच्या तीन रांगा, आणि तीन गुलाब. काश्मीरची बोळवण फारच स्वस्तात झाली असं माझं मत.

म्हणून ‘कोट ऑफ आर्म्स’साठी ‘मानचिन्ह’ सुचवतो. सरकारने दिलेला मान हा अर्थही त्यात येतो, आणि दिल्लीत १८७७ला घडलं ते नेमकं तेच होतं. ‘कुलचिन्ह’ म्हटलं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असावं असं वाटतं. यातली कित्येक चिन्हं तर नुकतीच कागदावर आखलेली होती.

प्रतिसाद ३

‘बॅनर’बद्दल. कृपया ‘ध्वज’ नको, तो आता राष्ट्रध्वजाशी जोडला गेलाय. ‘झेंडा’, ‘बावटा’, ‘पताका’, ‘जरीपटका’ या सगळ्यांचे आकार वेगळे. ‘निशाण’ सर्वांत योग्य, कारण फारसीत त्याचा मूळ अर्थच खूण, आणि मराठीत तो झेंडा झाला. खुणेचा अर्थ ‘निशाणी डावा अंगठा’मध्ये शिल्लक आहे. जुने महजर (गावसभेच्या निवाड्यांचे कागद) पाहिलेत तर पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आणि नांगराचं चित्र दिसेल. बलुतेदारही आपापल्या हत्याराची खूण करत. गावगाड्यातली ही चिन्हव्यवस्था इतकी नेटकी होती की तिच्यासाठी कोणी टेलर बसवावा लागला नाही.

दुसरा शब्द ‘ढाल’. आज ढाल म्हणजे वार अडवायचं साधन एवढंच आपल्याला आठवतं. पण जुन्या मराठीत फौजेच्या मोठ्या निशाणालाही ढालच म्हणत, आणि ते ज्या हत्तीवर असे तो ‘ढालगज’. ‘ढालगज भवानी’ अजून बोलण्यात आहे, पण त्यातला हत्ती कोणाला दिसत नाही. युरोपात चिन्हविद्या ढालीवर उभी, आणि मराठीत ढाल म्हणजेच निशाण. भाषांतर करणाऱ्याला याहून मोठा योग कुठला मिळणार?

दरबारातली निशाणं ५ फूट बाय ५ फूट, आडव्या दांड्याला टांगलेली, रोमन धाटणीची होती. आपल्या लांबट, फडफडणाऱ्या पताका त्या चिन्हांना सोयीच्या नव्हत्या म्हणून हा आकार घेतला. ती इतकी जड झाली की एक निशाण उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर (स्कॉटिश) शिपाई लागत. लिटनने स्वतःच लिहून ठेवलंय की आता संस्थानिकांना मिरवणुकीत ती हत्तीवरच चढवावी लागतील. म्हणजे ढालगज आलाच!

प्रतिसाद ४

मी शिल्पकामातला, म्हणून शेवटच्या प्रश्नापुरतं. ‘वास्तुशिल्पी’ अजिबात लिहू नका. मराठीत वास्तुशिल्पी म्हणजे आर्किटेक्ट. वाचकाला वाटेल क्रॉफर्ड मार्केट किपलिंगने बांधलं. ते विल्यम इमर्सनचं. किपलिंगचं आहे ते प्रवेशद्वारावरच्या कमानीखालच्या अर्धगोलातलं उठावाचं काम आणि आतलं कारंजं. ‘इमारतींवरचं शिल्पकाम करणारे’ असं सरळ लिहा. चार शब्द जास्त लागले तरी बेहत्तर.

‘रिलीफ’ला ‘उठावशिल्प’ रूढ आहे, तेच घ्या. क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला गेलात तर मान वर करून ते बघाच. इथल्या शेतात राबणारी माणसं इथल्याच पेहरावात, इथल्याच अंगकाठीची. ग्रीक देवता नाहीत, पंखवाली पोरं नाहीत. मंडई १८६९ची. त्या काळात सरकारी कलाशाळेतला मास्तर विद्यार्थ्यांना ‘समोरचा माणूस बघा’ असं दाखवतो, याचं मोल मला फार वाटतं. उठाव किती ठेवायचा हे त्यात खरं कसब. खालून, लांबून बघायचं असतं. उठाव कमी पडला तर दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं, जास्त झाला तर सावल्या चेहरे खाऊन टाकतात.

उठावशिल्पाचा नाद त्यांना शेवटपर्यंत होता. मुलाच्या ‘किम’ या १९०१च्या कादंबरीसाठी त्यांनी चित्रं काढली नाहीत, उठावाच्या पाट्या घडवल्या आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापले. त्या कादंबरीत लाहोरच्या म्युझियमचा जो पांढऱ्या दाढीचा क्युरेटर भेटतो, तो त्यांच्यावरच बेतलेला. तुमच्या टिपणात त्यांचा शिष्य भाई राम सिंगही यायला हवा. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार हॉल या शिष्याच्या नक्षीने सजलाय. किपलिंगची खरी कमाई ही माणसं.

प्रतिसाद ५

‘बोधचिन्ह’ का नको? महापालिका, विद्यापीठं सगळे तोच शब्द वापरतात.

प्रतिसाद २, पुन्हा

बोधचिन्ह म्हणजे लोगो. संमेलनाचं असतं, स्पर्धेचं असतं, पुढच्या वर्षी बदलतं. मानचिन्हाला घडणीचे नियम असतात: ढाल, दोन्ही बाजूंचे आधार देणारे प्राणी, वरचा तुरा, खालची पट्टी आणि पट्टीवर ब्रीदवाक्य. ‘ब्रीद’ हा शब्दही इथलाच, संस्कृत ‘बिरुद’वरून आलेला. बडोद्याच्या गायकवाडांचं ‘जीन घर जीन तख्त’ घ्या. घोड्याचं खोगीर हेच घर आणि हेच सिंहासन! चार शब्दांत अख्खी मराठेशाहीची दौड आली. मुंबई महापालिकेचं ‘यतो धर्मस्ततो जयः’ तुम्ही रोज कचऱ्याच्या गाडीवर वाचत असाल.

आणि ‘मुद्रा’ या शब्दाला हात लावू नका. तो मोहरेचाच राहू द्या. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी, तिच्यावर चित्र नाही, संस्कृत श्लोक आहे, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ची लहान मोर्तब. शिक्कामोर्तब त्यावरूनच. आपल्या परंपरेत मान होता तो अक्षराला, आणि टेलरच्या चौकटीत ही गोष्ट बसतच नव्हती. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवर मधोमध समई आहे आणि भोवती ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’ असा त्याच श्लोकाचा बदललेला पाठ. २०२२ मध्ये भारतीय नौदलाचं नवं निशाण आलं, त्यातला अष्टकोनही महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला. या दोन्हींना कुणी मानचिन्ह म्हणू नये. पहिली मुद्रा, दुसरं निशाण.

प्रतिसाद ६

विषयाला धरूनच एक भर. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हजर होते. अंगावर हातच्या सुताची खादी. इंग्रज प्रजाजनांना मिळतो तो राजकीय आणि सामाजिक दर्जा आम्हालाही द्या, अशी मागणी त्यांनी मांडली. रेशमी निशाणांबद्दल मराठीत लिहिताना ही खादी राहून गेली तर टिपण अपुरं राहील.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. खादीचा उल्लेख नक्की घेतो. शब्द असे ठरवतोय: हेराल्ड्री = मानचिन्हविद्या, हेराल्डिस्ट = मानचिन्हांचे जाणकार, कोट ऑफ आर्म्स = मानचिन्ह, बॅनर = निशाण. ‘कुलचिन्ह’ फक्त जिथे चिन्ह घराण्यात आधीपासून होतं तिथे, जसा ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा नाग. परिच्छेद असा झालाय, बघा:

“दरबारासाठी संस्थानिकांची मानचिन्हं रॉबर्ट टेलर यांनी आखली. त्यांवरून रेशमी निशाणं करवून घेण्याचं काम लॉकवुड किपलिंग यांनी केलं. इमारतींवरच्या शिल्पकामात मुरलेल्या किपलिंग यांना लांबून पाहिल्या जाणाऱ्या आकृतीची जाण होती. निशाणांवर मानचिन्हं विणण्यात आली. ती इतकी जड झाली की एकेक निशाण पेलायला दोघे शिपाई लागले.”

प्रतिसाद ३, पुन्हा

छान झालाय. दोन बारीक गोष्टी. ‘विणण्यात आली’ नको. विणतात ते मागावर, इथे सुईचं काम आहे, तेव्हा ‘भरली’ लिहा: “निशाणांवर मानचिन्हं भरली.” आणि ‘ती इतकी जड झाली’मधलं ‘ती’ मानचिन्हांना लागतंय, तिथे ‘निशाणं इतकी जड झाली’ असं करा.