मदत हवी आहे: कस्टम गिटारची मान मागे वाकली आहे

स्वतंत्र कारागिराकडून बनवून घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आहे, ठाण्यात असते. स्केल (तारेचा कंप पावणारा भाग) 25.5 इंच, मान मेपलची आणि बॉडीला चिकटवलेली (बोल्ट नाहीत), फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची फळी) शिसवीचा. पावसाळ्यात मान मागे वाकली. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) दाबली की मध्ये केसभरही फट दिसत नाही. सुरुवातीच्या फ्रेटवर तारा खरखरतात.

ट्रस रॉडचा (मानेच्या आतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी सळई) नट पूर्ण सैल केला, 10 ऐवजी 11 च्या (थोड्या जाड, जास्त ताणाच्या) तारा लावल्या, केसमध्ये सिलिका जेल ठेवलं. फरक नाही. कारागिराशी आता संपर्क होत नाही. फ्रेट घासायचे नाहीत, दोष मानेत आहे आणि वाद्य जिवापाड आवडतं.

सैल नट आणखी डावीकडे फिरवल्यावर पुन्हा घट्ट लागतोय. म्हणजे रॉड दोन्ही बाजूंना काम करणारा (मान पुढे आणि मागे दोन्हीकडे वाकवू शकणारा) आहे ना? तिथून पुढे पाव फेरा देणं सुरक्षित आहे का?